ताई, फ्रीव्हील सापडलं

ताई, तुझी तेरवी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी पुण्याहून फोन आला. मी वाशीमजवळच्या आपल्या मळ्यात सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होतो. फोनवरचा माणूस धाप लागल्यासारखा बोलत होता. "दादा, फ्रीव्हील सापडलं! एका जुन्या दुकानाच्या माळ्यावर पडून होतं. आटे तपासून घेतले, तुमच्या ताईंच्या सायकलचेच आहेत. आजच कुरिअर करतो."

मी बांधावर बसलो. तू गेलीस हे सांगायला तोंड उघडलं, पण त्याचा आनंद इतका खरा होता की तो मोडवेना. "आता नको," एवढंच म्हणालो. "दुसरं मिळालं का?" त्यानं विचारलं. मी हो म्हणालो आणि फोन ठेवला. संध्याकाळी त्याला खरं काय ते कळवलं. पण त्या वेळी जुड्या तशाच टाकून मी वाफ्याच्या कडेला आडवा झालो. तुला नेलं त्या दिवशी माझं रडायचं राहूनच गेलं होतं. लोकांना पाणी द्या, पाव्हण्यांना बसवा, भाऊजींना धरा, यातच दिवस गेला. ते सगळं त्या एका 'सापडलं'वर बाहेर आलं. ज्याच्यासाठी आपण दारोदार फिरलो, ज्याच्यापायी तू माझ्याशी भांडलीस, ते कुठल्यातरी माळ्यावर धूळ खात होतं. पूर्ण वेळ तिथंच होतं, ताई.

तेरवीला शाळेतले लोक तुझ्याविषयी चांगलं बोलले. शिस्तीच्या होत्या, पोरांना जीव लावायच्या, कधी सुट्टी घेतली नाही. सायकलचं नाव मात्र कोणी काढलं नाही. तुझ्या सासरी, मेडशीच्या रस्त्यावर जिला सगळे 'गिअरवाल्या मॅडम' म्हणायचे, तिच्या सायकलबद्दल चकार शब्द नाही. मी त्यांना बोल लावत नाही. शेवटी शेवटी तू काय मागत होतीस हे पुरतं आपल्या तिघांनाच माहीत होतं, तुला, मला आणि भाऊजींना. भाऊजी तुझ्या फोटोसमोर मान खाली घालून बसले होते. त्यांनी आणि मी एकमेकांकडे पाहायचं टाळलं.

सायकल घरात आली तेव्हा मी चड्डीत होतो, तरी लख्ख आठवतं. उन्हाळ्याचे दिवस. सायकलवर जग पाहायला निघालेला एक गोरा माणूस आपल्या मळ्यापाशी रस्त्याच्या कडेला पडलेला बाबांना दिसला. डोळे हळदीसारखे. कावीळ. बाबांनी त्याला बैलगाडीत घालून घरी आणलं. आईनं त्याला मुळ्याचा पाला, उसाचा रस आणि बिनफोडणीचं वरण देऊन उभा केला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी तो आईला 'माय' म्हणायला शिकला. निघायची वेळ आली तेव्हा त्याच्या पायांत सायकल चालवायचं बळ नव्हतं. आगगाडीनं जायचं ठरलं. त्यानं ती आकाशी रंगाची, वाकड्या हँडलची सायकल ढकलत आणली आणि हँडल तुझ्या हातात दिलं. बाबांच्या नाही, माझ्या नाही. तो झोपलाय असं समजून तू रोज तिच्यावरून मळ्याला फेऱ्या मारायचीस. तो झोपलेला नसायचा.

बाबा म्हणाले, "याच्यावर वांग्याचं पोतं बसते काय?"

तू म्हणालीस, "मी बसतो नं बाबा." तेव्हा तू पोरासारखीच बोलायचीस.

त्याच सायकलवर तू कॉलेजच्या शर्यतीत उतरलीस, विद्यापीठाच्या संघात गेलीस. त्याच सायकलवर तू पातूरचा घाट पाय न टेकता चढून आलीस आणि मेडशीच्या फाट्यावर चहा पिणाऱ्या एका तरुणानं तुला पाहिलं. ते भाऊजी. त्यांनी पुढं आयुष्यभर सांगितलं की, "मी पोरगी पाह्यलीच नाई, मी तं सायकल पाहून राह्यलो होतो." लग्नात तू सायकल बरोबर नेलीस. सासूबाईंनी कपाळाला हात लावला, पण भाऊजींनी ती स्वतः खाली उतरवून घेतली. मग तुला मास्तरीण म्हणून नोकरी लागली आणि तुरीच्या शेतांमधून, पदर खोचून, गिअर बदलत तू शाळेत जाऊ लागलीस. पुढं गुडघे दुखायला लागले, स्कूटी आली, आणि सायकल गोठ्याच्या आढ्याला टांगली गेली. तिच्याविषयी नंतर तूही कधी बोलली नाहीस.

तुझ्या आजारापुढं हात टेकून नागपूरच्या डॉक्टरांनी "आता घरी न्या" म्हटलं, त्याच दिवशी आपण गाडीनं परत निघालो. पातूर मागं पडलं, घाट लागला, तशी तू खिडकीची काच खाली केलीस. गार वारा आत आला.

"गज्या, माही सायकल काढजो खाली."

"कायले वं ताई?"

"घाट चढाचा हाय. एक खेप."

भाऊजी पुढच्या सीटवर होते. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. मी म्हणालो, "आधी बरी तं हो."

"बरी व्हाची वाट पाहाले टाइम नाई राह्यला," तू म्हणालीस. "म्हणून तं म्हणून राह्यली."

दुसऱ्या दिवशी मी सायकल खाली काढली. तू खाटेवर बसून पाहत होतीस. टायर कुजले होते, चेन गंजून काडीसारखी ताठ झाली होती, चेन सरकवणारा मागच्या गिअरचा हात तुटला होता. हे सगळं मिळण्यासारखं होतं. खरी गोम कळली ती चेनीला तेल पाजून मी पायडल फिरवलं तेव्हा. चेन फिरली, मागच्या दातेरी चकत्या फिरल्या, चाक मात्र जागचं हललं नाही. चाकाच्या मधोमध त्या चकत्यांचा जो गठ्ठा असतो, तेच फ्रीव्हील. त्याच्या आत दोन बारीक लोखंडी तुकडे असतात. आपले मिस्त्री त्यांना कुत्रे म्हणतात. पायडल मारलं की ते चाकाला धरतात, पाय थांबला की सोडतात. तुझ्या सायकलचे कुत्रे झिजून गुळगुळीत झाले होते. कितीही पाय मार, चाकाला पत्ताच नाही.

वाशीमला सलीमभाईकडे नेली. तो आपल्याच वयाचा, बाबांपासूनचा ओळखीचा, आता सायकलींपेक्षा मोटारसायकलीच जास्त दुरुस्त करतो. त्यानं बराच वेळ झटून जुनं फ्रीव्हील काढलं आणि दुकानातलं नवं चढवून पाहिलं. ते अर्धा फेरा गेलं आणि अडकलं. दुसरं घेतलं. तेही अडकलं. "भाई, इसके आटेच वेगळे हायेत," तो म्हणाला. "जबरदस्ती केली तं चाकाचे आटे जातीन. मंग ना घर का ना घाट का."

मी लगेच म्हणालो, सगळं चाकच बदलून टाकू. नवं चाक, नवं फ्रीव्हील, आठवड्यात सायकल तयार. सलीमभाईनंही मान डोलावली. मी आनंदानं मेडशीला येऊन तुला सांगितलं, आणि तू नाही म्हणालीस.

हे भांडण आपलं संपलंच नाही ताई. मी किती परीनं सांगितलं. चाक बदललं म्हणून सायकल बदलते काय? टायर बदलले तेव्हा तू काही बोलली नाहीस, चेन बदलली तेव्हा नाही, मग चाकातच असं काय होतं? तू भिंतीकडे तोंड करून ऐकत होतीस. मग म्हणालीस, "माह्या आतलं बदलाले कोनी तयार नाई गज्या. हात लावत नाई, घरी न्या म्हणते. मंग तिचंच काहून उपटून फेकता? जे हाय त्याच्यातच करा."

भाऊजी उठून बाहेर गेले. मी नव्या चाकाचा विषय सोडला. पण आज सांगतो, मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. त्या दिवशी ऐकलं असतंस तर तुला ताकद होती. तू तेव्हा अंगणात चालत होतीस, स्वतःच्या हातानं वेणी घालत होतीस. चढली असतीस घाट. माझ्या मदतीशिवाय चढली असतीस. तुझ्या हट्टापायी आपण ते दिवस पार्ट शोधण्यात घालवले, आणि ते दिवस काही माळ्यावर पडून राहत नाहीत ताई, कोणाला सापडायला. मी तुझ्यावर चिडलेला आहे. मेलेल्या माणसावर चिडायचं नसतं म्हणतात. मी काय करू?

मग सुरू झाली वणवण. अकोल्याच्या भंगार बाजारात मी अशा ढिगांमध्ये हात घातला की रात्री बोटांतून लोखंडाचे कण काढावे लागले. तिथं लेकरांच्या मोडक्या गिअर सायकलवरचा गिअरचा हात मिळाला आणि तो तुझ्या सायकलला बसलाही. मला वाटलं, झालं, आता फ्रीव्हीलही मिळेल. नागपूरला गेलो. मोठ्या दुकानातल्या पोऱ्यानं मोबाइलवरचा फोटो बोटांनी मोठा करून पाहिला आणि विचारलं, "काका, हे म्युझियमसाठी पाहिजे का?" मी मोबाइल खिशात घालून बाहेर आलो. उन्हात उभं राहून तुला फोन केला. तू विचारलंस, "भेटलं?" मी म्हणालो, "भेटते. पत्ता लागला." पत्ता कसलाच लागला नव्हता.

जुन्या सायकलींच्या एका ग्रुपवर फोटो टाकला, त्यातून हा पुण्याचा माणूस भेटला. तुझी गोष्ट ऐकून त्यानं स्वतःजवळचं एक जुनं फ्रीव्हील पाठवलं. पार्सल आलं त्या दिवशी तुला ताप होता, तरी "माह्यासमोर लाव" म्हणून तू वाशीमला यायचा हट्ट धरलास. सलीमभाईनं तुला आपल्या स्टुलावर बसवलं, चहा मागवला. फ्रीव्हील कागदातून निघालं तेव्हा तुझा चेहरा, काय सांगू. तू ते हातात घेऊन कानाजवळ नेलंस आणि फिरवलंस. किर्र किर्र किर्र. "कसं बोलून राह्यलं पाह्य," तू म्हणालीस.

सलीमभाईनं तेल लावलं आणि हलक्या हातानं चढवलं. अर्धा फेरा गेलं आणि अडकलं.

त्यानं काढून पुन्हा लावलं. पुन्हा तिथंच. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पुण्याला फोन लावला, तेव्हा त्या माणसानं समजावून सांगितलं की तुझी सायकल ज्या देशातली आहे तिथले आटे त्या काळात जगापेक्षा निराळे होते, आणि तसं फ्रीव्हील आता क्वचितच मिळतं. तो माफी मागत होता. तू हात पुढं केलास, सलीमभाईनं ते फ्रीव्हील तुझ्या हातात दिलं. घरी येईपर्यंत ते तुझ्या मांडीवर होतं. तू ते फिरवत होतीस, पूर्ण रस्ता. मला तो आवाज सहन होईना. "ताई, ठेव न ते," मी म्हणालो. तू ठेवलंस. मग तर काहीच आवाज नव्हता.

त्यानंतर मानोऱ्याची गोष्ट. तुझ्या शाळेतल्या एका मास्तरांनी सांगितलं की मानोऱ्याकडच्या एका तांड्यावर तशीच वाकड्या हँडलची सायकल पाहिली आहे. मी एकटाच जाणार होतो. तू शाल पांघरून दारात उभी. शेवटी ओळखीच्याची गाडी घेऊन दोघं गेलो. तांडा जवळजवळ रिकामा होता. धडधाकट माणसं ऊसतोडीला गेलेली, दाराला कुलपं, अंगणात म्हातारी माणसं आणि शेळ्या. सायकल एका कुलूपबंद घराच्या ओसरीवर खांबाला टेकवून ठेवलेली होती. वाकडं हँडल. जुनी, परदेशी. मी वाकून मागच्या चाकातलं फ्रीव्हील पाहिलं. तसंच दिसत होतं.

मालक ऊसतोडीवर. शेजारच्या म्हाताऱ्या मावशीनं त्याचा नंबर दिला, पण फोन लागेना. मी गाडीतून नट खोलायचे पाने आणायला निघालो. फ्रीव्हीलसाठी चाक काढून नेऊ, तो आला की बोलू, मी असं म्हटलं. तू माझा हात धरलास. तुझ्या हातात काही जोर नव्हता, तरी मी थांबलो.

"घरधनी नाई त्या घराले हात लावाचा नाई."

"ताई, तो होळीले येईन!"

"मंग येऊ दे होळीले."

मी ओरडलो तुझ्यावर. लोकांसमोर. "होळीपर्यंत कोण थांबते इथं?" असं काहीतरी बोलून गेलो. शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं की मी काय बोललो. मावशी तुझ्याकडे पाहू लागली. "कायले पाह्यजे हो बाई ते चाक?" तिनं विचारलं.

तू तिच्याजवळ जमिनीवर बसलीस. "मावशी, मी चालली आता. जास्त दिवस नाईत मले."

तुझ्या तोंडून ते इतकं उघड मी पहिल्यांदा ऐकलं, ते असं, एका परक्या बाईला सांगताना. इतके दिवस आपण तिघं एका घरात उठत-बसत होतो, डॉक्टरांचं बोलणं तिघांनी ऐकलं होतं, पण ते वाक्य कोणी उच्चारलं नव्हतं. मावशीनं तुझ्या पायावर हात ठेवला. मग म्हणाली, "जाचंच हाय, तं सायकल कायले?"

"मंग पैदल जाऊ काय इतक्या दूर?" तू म्हणालीस. आणि तुम्ही दोघी हसलात. मी गाडीच्या आड जाऊन उभा राहिलो.

दुपारी फोन लागला. मालक भला माणूस होता. मागून उसाचे ट्रॅक्टर घरघरत होते. "न्या हो ताई, खुशाल न्या," तो म्हणाला, "पण त्याचं फ्रीव्हील कवाच गेलं. म्या वेल्डिंग मारून जाम केलं." मी पुन्हा ओसरीवर जाऊन नीट पाहिलं. चकत्यांच्या मागं वेल्डिंगचा काळा गोळा होता. आशेनं माणूस किती आंधळा होतो. मघाशी तो गोळा मला दिसलाच नव्हता.

त्यानंतर तू खालावलीस. जेवण तुटलं. पाठीत कळ आली की चादरीचा कोपरा तोंडात धरायचीस, भाऊजींना आवाज जाऊ नये म्हणून. ते शेजारच्या खोलीत जागेच असायचे, त्यांना सगळं ऐकू यायचं. एक दिवस ते सकाळच्या बसनं वाशीमला माझ्याकडे आले. मला म्हणाले, "गजानन, काई कर. नवं भेटत नसन तं जुनंच कसंबी चालव. मले तिच्याकडे पाहावत नाई." ते आयुष्यात मला कधी काही करायला लावणारे नव्हेत.

आम्ही दोघं सलीमभाईकडे गेलो. त्यानं तुझ्या सायकलचं मूळचं फ्रीव्हील उघडलं. बारीक छर्रे पेपरवर सांडले, ते भाऊजींनी एक एक वेचले. आपल्याकडच्या साध्या फ्रीव्हीलमधले कुत्रे काढून सलीमभाईनं ते कानसीनं घासले, बसवून पाहिले, पुन्हा घासले. एक बसला, दुसरा काही केल्या बसेना. शेवटी एकाच्याच भरवशावर झाकण लावलं. पायडल मारलं. चाक फिरलं, थोडं गेलं आणि सुटलं. पुन्हा धरलं. पुन्हा सुटलं. "भाई, खरं सांगतो," तो म्हणाला, "हे धरलं तं धरलं. याच्या भरवशावर घाट नका चढू."

आपण चढलो.

सकाळची वेळ, ऊन नुकतं कोवळं पडलेलं. भाऊजींनी पिकअपमधून तुला आणि सायकलला घाटाच्या पायथ्याशी उतरवलं. मोठा रस्ता आता वळणं कापून सरळ गेला आहे. बाजूला जुन्या रस्त्याचा तुकडा अजून आहे, त्यावर गवत आलंय, वाहनं येत नाहीत. तू सलवार घातली होतीस, वरून भाऊजींचं स्वेटर, ते तुझ्या अंगावर गोणीसारखं लोंबत होतं. आम्ही दोघांनी धरून तुला बसवलं. हँडल धरल्यावर तुझे खांदे असे वाकले की मला एकदम ती कॉलेजमधली तू दिसलीस.

पहिल्यांदा फ्रीव्हीलनं धरलं. कट्ट असा आवाज आला आणि सायकल निघाली. मी मागं धावत होतो. तू गिअर खाली घेतलास, तो बरोबर पडला. मग चढ सुरू झाला आणि ते सुटलं. पायडल मोकळे फिरले, सायकल डुगडुगली, मी सीटखाली तळहात लावला आणि ढकलायला लागलो. मला वाटलं तू थांबशील. तू पाय मारतच राहिलीस. चाकाला त्याचा काही उपयोग नव्हता आणि तुलाही ते कळत होतं. तरी तू एक एक पाय खाली दाबत होतीस, श्वास घोगरा, मानेच्या शिरा वर आलेल्या.

"हात काढ," तू म्हणालीस.

"पडशीन ताई."

"हात काढ म्हणलं नं गज्या!"

मी काढला नाही. भाऊजी पिकअप हळूहळू मागून आणत होते. मला धाप लागली होती, छाती फुटायला आली होती, आणि मनात एकच की ही पडली तर हिच्या हाडांचं काय होईल. मधेच कट्ट व्हायचं, सायकल हाताला हलकी लागायची, आणि पुन्हा जड. वरच्या वळणापाशी तू सीटवरून उठलीस. उभी राहून पायडल मारलंस, शर्यतीत मारायचीस तसं. मी ओरडलो. तेवढ्यात वळण संपलं, सपाट लागलं, आणि तू ब्रेक दाबून तिथंच थांबलीस. पाय मात्र टेकला नाहीस. भाऊजी धावत येऊन सायकल धरेपर्यंत तू तशीच तोल सांभाळत होतीस.

तुला उचलून रस्त्याच्या कठड्यावर बसवलं. तुला उलटी झाली. नुसतं पाणी. भाऊजी तुझे पाय चोळत होते आणि मोठ्यानं रडत होते. तू त्यांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालीस, "पाह्यलं न? टेकला काय पाय?"

त्यानंतर तू खाटेवरून उठली नाहीस. नातेवाइकांनी भाऊजींना बोल लावले, अशा अवस्थेत बाईला सायकलवर बसवता, अक्कल आहे का. मला विचारशील तर, ते बरोबर झालं की नाही हे मलाही माहीत नाही. शेवटच्या दिवसांत तू इतकी विव्हळायचीस की मला वाटायचं, तो घाट आपण चढलो नसतो तर ही अजून थोडी बसती, थोडी बोलती राहिली असती. आणि मग तुझा तो कठड्यावरचा चेहरा आठवायचा. यातून मी सुटणार नाही. तुझे उपकारही मानतो आणि तुला दोषही देतो, एकाच दिवसात, एकाच भाकरीच्या घासाला.

तुझं शुद्धीवरचं शेवटचं बोलणं माझ्याशीच झालं. भाऊजी औषध आणायला गेले होते. तू डोळे न उघडता म्हणालीस, "गज्या. त्या वरच्या वळणावर तुहा हात होता का नव्हता?"

मी म्हणालो, "नव्हता ताई."

"खोटं बोलून राह्यला."

"मंग होता."

"तेबी खोटं," तू म्हणालीस, आणि तुझ्या ओठांवर हसू आलं. मी पुढचं काही बोलणार तेवढ्यात कळ आली आणि तू चादरीचा कोपरा शोधू लागलीस. मी तो तुझ्या हातात दिला. मग भाऊजी आले, नर्सबाई आल्या, आणि ते बोलणं तिथंच राहिलं.

तेव्हापासून मी रोज ते वळण मनात पुन्हा चढतो. तू सीटवरून उठलीस, कट्ट झालं, आणि माझा तळहात रिकामा होता. मी मागं पडलो की हात काढला, की फ्रीव्हीलनं खरंच धरलं आणि तू स्वतःच्या बळावर पुढं गेलीस, मला सांगता येत नाही ताई. देवाशपथ सांगता येत नाही. मला एवढंच आठवतं की हात पुढं करून मी जिवाच्या आकांतानं धावत होतो, आणि तू हाताला लागत नव्हतीस.